कबुगोताईवरचा आळ

आमच्या डोंगरात तापाचा दवाखाना म्हणजे कबुगोताई. सोळा वर्षं ती पाठीला पेटी बांधून केळीच्या बागांमधून घरोघर फिरली, बिनपगारी. बोट टोचून थेंबभर रक्त पट्टीवर घ्यायची. मलेरिया निघाला की पहिली गोळी डोळ्यांदेखत गिळायला लावायची. पोरानं ओकली तर दुसरी द्यायची.

न्यामवाम्बा नदीला पूर आला, खालचा रस्ता पुलासकट वाहून गेला. त्याच महिन्यात माझी लेक इथुंगु तापली. चार वर्षांची होती.

"बीरा, पेटीत काही नाही गं," ताई म्हणाली. "खाली दवाखान्यात नेऊ. मी घेते तिला पाठीवर."

"पूर ओलांडून? परवा तुझ्या लेकाला बरी मिळाली गोळी!"

"तीच शेवटची होती."

मी फणकाऱ्यानं निघून आले. दोन दिवस पाला उकळून पाजला. तिसऱ्या दिवशी पोरीला झटके आले, तेव्हा कुठे पुरुषांनी तिला खांद्यावरून खाली नेलं. जीव वाचला. कान गेले.

गावाच्या बैठकीत मी ओरडले, "ही गोळ्या बाजारात विकते!" ताईनं सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. कुणी तोंड उघडलं नाही. तिनं पेटी गावप्रमुखांच्या पायाशी ठेवली. दुसरं कुणी ती उचलायला पुढे आलं नाही.

दोन महिन्यांनी मी इथुंगुचे कान दाखवायला दवाखान्यात गेले. नर्स म्हणाली, "पुरापासून आमच्याकडेच गोळ्या नव्हत्या, झटके आलेल्यांपुरती इंजेक्शनं तेवढी होती. तुमची ती पेटीवाली बाई गोळ्यांसाठी चारदा आली, कमरेएवढ्या पाण्यातून. हात हलवत परत गेली बिचारी."

ताई तोवर फोर्ट पोर्टल शहराकडे चहाच्या मळ्यात खुडणीला गेली होती. मी तिला शोधून काढलं आणि पाय धरले.

"पोर कशी आहे?" तिनं आधी विचारलं.

"ओठ बघून समजतं थोडं. ताई, परत ये ना."

"नाही गं. तू आई होतीस, तुझी जीभ घसरली. पण ज्यांच्या पोरांना मी हातानं गोळ्या भरवल्या, ते सगळे गप्प बसले. त्यांच्या दारात कशी जाऊ?"

परत आल्यावर मी बैठकीत उभी राहिले आणि सगळं खरं सांगितलं. लोकांनी माना खाली घातल्या. "चूक झाली खरी," कुणीतरी म्हणालं. मग गावप्रमुखांनी पुलाचा विषय काढला.