तीन फुटी योद्ध्याची ताकद

चार टाळकी दर रविवारी एका खोलीत कोंडली की किस्से साठणारच. आमचे तर चहाच्या कपांपेक्षा जास्त साठले!

साल दोन हजारच्या आसपासचं. शाहूपुरीत, संज्याच्या दुकानावरची खोली. परदेशी खेळाच्या पुस्तकाची झेरॉक्स, फासे, कागद. प्रत्येकानं एक मनातला योद्धा व्हायचं, संज्यानं गोष्ट सांगायची आणि नियम लावायचे. बापू आमच्यात सगळ्यात बुटका. त्यानं हट्टानं तीन फुटी योद्धा घेतला, राक्षसाला उचलून आपटणारा.

संज्या म्हणाला, “तीन फुटी माणसाची ताकद निम्मी!”

झालं, पेटलं.

बापू म्हणाला, “मुंगी स्वतःच्या कितीतरी पट वजन उचलती!”

“मग तुझ्या गड्याला साखरेचा दाणा उचलायला माझी परवानगी हाय.”

*

पुढच्या रविवारी योद्ध्याला घोड्यावर बसायचं होतं. संज्यानं विचारलं, “चढणार कसा?”

“स्टूल घेऊन फिरतोय मी.”

“मग सामानात स्टुलाचं वजन लिही!”

बापू भडकला. “आरं, एवढा मोठा ड्रॅगन उडतोय ते चालतंय तुला?”

“त्येला पंख हायत की!”

*

प्रकरण शेवटी तालमीत गेलं. वस्तादांनी सगळं ऐकून घेतलं.

“हा गडी कुठल्या गावचा?”

“खरा न्हाय वस्ताद, मनातला हाय.”

“मनातलाच हाय, तर ताकद निम्मीच का दिलीसा? दूध-बदाम तुमच्या घरचं लागतंय व्हय त्येला?”

“वस्तादांना खेळ कळत न्हाय,” संज्या म्हणाला. पण कधी? तालमीपासून दोन गल्ल्या लांब आल्यावर!

*

मग बापूनं संज्याला पंजा लढवायला बसवलं. जिंकला तर नियम रद्द. संज्याचा हात म्हणजे उसाचं कांडं. बापू बसतोय तोवर हरला. आम्ही हसलो. हसायला नको होतं.

“उंचीवरनं जन्मभर ऐकतोय. निदान खेळात तरी सोडा की!” म्हणाला, फासे ठेवले आणि गेला. मग रविवारी यायचाच बंद झाला. खेळाची चवच गेली, पण संज्या नियम सोडेना.

*

अशात संज्याच्या भाच्याचं जावळ निघालं. बापूही आला. भांडण खेळाशी, मटणाशी न्हाय!

पोरगं तीन वर्षांचं. रिवाजाप्रमाणं मामानं मांडीवर घ्यायचं. संज्यानं घेतलं आणि न्हाव्यानं वस्तरा काढला. पोरानं वस्तरा बघितला मात्र, जी काय बोंब ठोकली! संज्यानं हात धरले तर पाय सुटले. पाय धरायला दाजी आले, त्यांचा चष्मा गेला. डोकं धरायला चुलता आला, त्याला चावलं. न्हावी वस्तरा मिटून लांब उभा. “आधी धरा, मग बोलवा,” म्हणाला.

शेवटी पोरगं सुटलं आणि मामाच्या छाताडावर चढून दोन्ही हातांनी त्याचे केस उपटायला लागलं. संज्या उताणा!

बापू ताट घेऊन शांतपणे जवळ गेला.

“संज्या, पोरगं तीन फूट असंल, न्हाय रं? टेप आणू?”

खालनं आवाज आला, “टेप नको. रविवारी ये. ताकद तुला पायजे तेवढी लिही, पण आधी ह्येला काढ!”