सुलोचनाबाई आणि तलावाची पाळ

मधल्या सुट्टीत मी शाळेच्या व्हरांड्यात उभी होते. गडचिरोलीहून येणाऱ्या एसटीचा कंडक्टर फाटकातून आत येताना दिसला. एरवी तो वर्तमानपत्रांचा गठ्ठा फाटकाशी टाकून निघून जायचा. त्या दिवशी तो माझ्यापर्यंत चालत आला, टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाला, "म्याडम, आपल्या नर्सबाई गेल्या." सुट्टीसाठी भावाच्या घरी गेल्या होत्या. आदल्या दुपारी जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. वय पन्नाशीच्या आतलं... या गोष्टीला आता दीड महिना होत आला. त्यांच्याविषयी लिहायचं म्हणून मी तीनदा कागद पुढे ओढला, आणि तिन्ही वेळा रडू येण्याऐवजी हसू आलं. त्यांची आठवणच तशी आहे, त्याला माझा इलाज नाही.

मी मूळची साताऱ्याकडची. एक्याऐंशीच्या पावसाळ्यात चामोर्शी तालुक्यातल्या या गावी शिक्षिका म्हणून रुजू झाले आणि पंधरा दिवसांतच बदलीचा अर्ज लिहून ठेवला. भाषा निराळी, चारही बाजूंना धानाचा चिखल, संध्याकाळी बोलायला कोणी नाही. त्यातच ताप भरला. गावच्या आरोग्य उपकेंद्रातल्या नर्स, सुलोचना रामटेके, गोळ्या घेऊन आल्या. टेबलावरचा अर्ज त्यांनी न विचारता उचलला, शेवटपर्यंत वाचला आणि जागेवर ठेवला. "पाठवा ना," त्या म्हणाल्या, "पन ताप उतरल्यावर एखाद्या रविवारी माह्यासोबत पलीकडच्या गावाले चला. मंग पाठवा."

त्यांच्याकडे पाच गावं होती आणि पाचही त्या पायी करायच्या. पलीकडच्या गावाची वाट मालगुजारांनी, म्हणजे जुन्या जमीनदारांनी, बांधलेल्या तलावाच्या पाळीवरून जायची. पाळ म्हणजे तलावाचा मातीचा बांध, दोन माणसं शेजारी चालतील इतका रुंद. एका अंगाला धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, दुसऱ्या अंगाला पाणी; आणि तलावाच्या टोकाला पाणी उथळ होत जाऊन नुसती दलदल, देवनळाच्या उंच गवताची बेटं आणि कमळाची पानं. पहिल्या रविवारी मी साडी सावरत, पायाखाली बघत चालत होते. सुलोचनाबाई थांबल्या. "मास्तरीणबाई, पाय आपोआप पडते. पान्याकडं पाहा." मी मान वर केली. कमळाच्या पानांवरून एक पक्षी चालत होता! लांब शेपूट, पांढरे पंख, आणि पान बुडायच्या आत पुढच्या पानावर पाय. मी बघत राहिले आणि पाळीवरून घसरून थेट गुडघाभर चिखलात गेले. सुलोचनाबाईंनी मला आधी ओढून काढलं नाही. आधी पोटभर हसल्या, मग हात दिला. महिन्याभराने पहिल्यांदा मीही हसले.

अर्ज मी पुढे कधी फाडला तेही आता आठवत नाही. रविवार ठरून गेला. त्यांची लसटोचणी, बाळंतिणींची विचारपूस चालायची तेव्हा मी ओसरीवर बसायचे, आणि जाता-येता आम्ही पाळीवर रेंगाळायचो. दुर्बीण आमच्याकडे नव्हती. नागपूरहून मी पक्ष्यांचं एक पुस्तक मागवलं आणि मोठ्या अभिमानानं त्यांच्या हाती दिलं. त्यांनी चार पानं उलटली आणि म्हणाल्या, पुस्तकातलं पाखरू हालत नाही, त्याला ओळखायचं कसं? त्या पक्षी ओळखायच्या चालीवरून, जसं लांबून कोण माणूस येतो आहे ते ओळखावं. तुतवार दिसला की म्हणायच्या, हा सारखा वाकून नमस्कार करणारा. अडई बदकांचा थवा शीळ घालत गेला की त्या उलट शीळ घालायच्या, आणि शेतात रोवणी करणाऱ्या बाया कंबर सरळ करून हसायच्या.

तिसऱ्या पावसाळ्यात सारसांची जोडी आली आणि तिनं नेमकं पाळीलगतच्या, डोमाजीभाऊंच्या बांधीत घरटं केलं. धान मोडून, गवत रचून मोठा ढीग, त्यात दोन अंडी. डोमाजीभाऊ तापट माणूस. "मी धान लावलो, पाखरं नाई लावलो," म्हणाले, आणि उद्या ढीग उपसून टाकणार असं गावभर सांगून मोकळे झाले. मला वाटलं सुलोचनाबाई त्यांना विनवतील, किंवा दम तरी देतील. डोमाजीभाऊंची सून वच्छला तेव्हा गरोदर होती, बाळंतपण सुलोचनाबाईंच्याच हातून व्हायचं होतं. त्यांच्या शब्दाला वजन होतं. पण त्यांनी ते वजन वापरलं नाही.

"भाऊ, अंडे काढाचे असन तं काढा, मी अडवून नाई राह्यली. फक्त एक सकाळ आमच्यासंगं पाळीवर बसा."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही तिघं बसलो. डोमाजीभाऊ खांद्यावर कुदळ घेऊनच आले होते. बराच वेळ काही घडलं नाही. मादी अंड्यांवर बसलेली, भाऊ चुळबुळ करतायत. मग नर चिखलातून सावकाश चालत आला. मादी उठली. दोघांनी माना आभाळाकडे केल्या आणि एका दमात अशी हाक घातली की तलाव दणाणून गेला. मादी पंख ताणून चरायला निघून गेली. नरानं चोचीनं दोन्ही अंडी हळूच फिरवली आणि पाय दुमडून त्यांच्यावर बसला.

डोमाजीभाऊंनी कुदळ खाली ठेवली. "नर पन बसते?"

"बसते," सुलोचनाबाई पाण्याकडेच बघत म्हणाल्या. "तुमच्या घरी कोन बसते?"

भाऊ हसले नाहीत. कुदळ उचलून उठले आणि बांधीच्या कडेनं, घरट्यापासून लांबून घरी गेले. त्या दिवसापासून ते सारसांचे मालक झाले. कुत्रं तिकडे फिरकलं तरी ढेकूळ घेऊन धावत. आम्हालासुद्धा जवळ जाऊ देईनात. एक अंडं फुटलंच नाही. दुसऱ्यातलं पिल्लू आईबापांच्या मागे लटपटत दलदलीत गेलं, ते आम्ही दोघींनी लांबूनच पाहिलं. वच्छलेला मुलगी झाली. आठवड्यानं आम्ही गेलो तर सून आत निजलेली आणि दारात डोमाजीभाऊ, मांडीवर नात, दोन्ही पाय लांब पसरून, हलायलाही तयार नाहीत. सुलोचनाबाई ओसरीच्या खांबाला धरून हसत राहिल्या. पुढे कित्येक दिवस पाळीवरून चालताना मध्येच थांबायच्या आणि पुन्हा हसायच्या.

भावाच्या गावी त्यांचं पुण्यानुमोदन, म्हणजे स्मरणाचा कार्यक्रम, झाला; त्याला पाचही गावांतली माणसं आली होती. बुद्धवंदना झाली, लोक एकेक करून उठले, आपापलं बोलले. परतल्यावर पहिले दोन रविवार मी घरातच काढले. तिसऱ्या रविवारी शाळेत नव्यानं आलेल्या बाई म्हणाल्या, मला तो तलाव दाखवता का? निघालो. थंडी होती, देवनळावर दव होतं, नव्या बाई पाठीमागून काहीतरी बोलत होत्या.

सुलोचनाबाईंची एक सवय होती. पुढे चालताना काही दिसलं की त्या मागे वळायच्या नाहीत, बोलायच्या नाहीत; फक्त डावा तळहात पाठीमागे धरायच्या, बोटं पसरून. म्हणजे मी थांबायचं. आठ वर्षं मी त्या हाताच्या मागे चालले...

कमळांच्या कडेला जांभळी पाणकोंबडी चिखलातून बाहेर आली, तिच्यामागे काळी काळी चार पिल्लं. मागचं बोलणं एकदम थांबलं. मला कळेना का. मग लक्षात आलं, माझा डावा हात पाठीमागे गेला होता, बोटं पसरून.