टकटकणारी डिस्क आणि घड्याळकाका

घड्याळकाकांच्या दुकानात हल्ली घड्याळ येत नाही. लोक फोनमध्येच वेळ बघायला लागले, तेव्हा हा माणूस रडत बसला नाही. हार्ड डिस्कची दुखणी ओळखायला शिकला. क्लास नाही, सर्टिफिकेट नाही. म्हणूनच आमचं जमतं. मीही रद्दीतली पुस्तकं वाचून कायदा शिकले आणि वकिलांना घाम फोडते.

त्या सोमवारी मी आमच्या भाडेकरू संघटनेची डिस्क त्यांच्या टेबलावर आपटली.

"हळू, बये! आधीच शेवटचे श्वास घेतेय ती."

बुधवारी सुनावणी होती. मालकाला चाळीस घरं रिकामी करून हवी होती. वीस वर्षांच्या भाडेपावत्या याच डिस्कवर होत्या. मूळ कागदांचा कार्यालयात पाणी शिरून लगदा झालेला.

काकांनी डिस्क जोडली, स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्या पाठीवर ठेवलं आणि लाकडी मूठ कानाला लावली. टक. टक. टक. त्यांनी लगेच वीज तोडली.

"कधीपासून?"

"आजच."

"थापा नकोत."

"म्हणजे... महिनाभर फोल्डर उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. फाइली गायब व्हायच्या, पुन्हा दिसायच्या. कॉम्प्युटर मध्येच गोठायचा."

"मग काय केलंत?"

"सेक्रेटरीने दोन फटके दिले. चालू झाला."

"महिनाभर ती बोंबलून सांगतेय आणि तुम्ही तिला बडवताय. वर पोलिसांच्या लाठीविरुद्ध मोर्चे काढता!"

माझं डोकं सटकलं. "आमच्याकडे तीन प्रती आहेत! मूळ, नक्कल आणि नकलेची नक्कल. ठराव केलाय तसा, एकमताने."

"कुठे आहेत?"

"तीन वेगळ्या फोल्डरांत."

"फोल्डर कुठे आहेत?"

मी डिस्ककडे बघितलं. काकांनी चष्मा काढून मला गाढव म्हटलं. ठराव मीच मांडलेला, त्यामुळे ऐकून घेतलं.

"आता नीट ऐक. सारखी चालू-बंद केली, दुरुस्तीचे प्रोग्रॅम फिरवले, तर उरलंसुरलंही जाईल. मी सोपं ते आधी उचलणार. अडेल तिथे वाद न घालता पुढे जाणार. तुला ते जन्मात जमणार नाही. मध्येच मेली तर मेली. आधी काय काढू?"

"पावत्या." डिस्कवर काय काय आहे त्याची यादी मी पुढे सरकवली.

"आणि हे दोनशे जीबी व्हिडिओ?"

"माझी भाषणं."

"ती शेवटी."



मंगळवारी दुपारपर्यंत सदतीस घरांच्या पावत्या दुसऱ्या डिस्कवर आल्या. मग पुन्हा टकटक. काकांनी बंद करून तिला थंड होऊ दिलं, पुन्हा लावलं. आणखी दोन घरं सुटली. तिसऱ्यांदा लावल्यावर आतून खरखर झाली आणि कॉम्प्युटरला ती दिसेनाशीच झाली.

एक घर राहिलं. शिवणकाम करणाऱ्या मावशींचं.

भाषणं सगळी गेली. वस्तीत कुणी दुखवटा पाळला नाही.

काकांनी पावत्या दोन डिस्कवर उतरवल्या. "एक तुझ्याकडे, दुसरी वेगळ्या घरात. वेगळ्या कपाटात नव्हे, घरात. कळलं?"

"कळलं हो!"

बुधवारी मालकाच्या वकिलाने नेमकं मावशींच्याच हरवलेल्या पावत्यांवर बोट ठेवलं. मी मागे वळून हात केला. मावशी भाडं भरतात अशी साक्ष द्यायला एकोणचाळीस घरांतून एकेक माणूस एकदम उठला. न्यायाधीशसाहेबांनी सगळ्यांकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "पाच जण पुरेत." चाळीसही घरांना स्थगिती मिळाली. उरलेले चौतीस आपल्याला बोलू दिलं नाही म्हणून अजून माझ्यावर रुसून आहेत.