मोठीआईचा नकार

मोठीआई 'नाही' हा शब्द सहसा वापरत नसे. क्षणभर घसा बंद करायची, अर्धा 'अं' सोडायची आणि पुन्हा घसा बंद. अं–अं. एवढ्यावर कारंजातल्या आमच्या घरात टीव्ही बंद व्हायचा, सहली रद्द व्हायच्या आणि किराणा दुकान चालवणारे माझे बाबा, म्हणजे तिचे धाकटे दीर, नव्या मोटारसायकलचा बेत मुकाट गुंडाळायचे. "नाई म्हटलं का मानूस वाद घालते," ती म्हणायची. "गळा दाबला का गप बसते."

म्हणून सुजाताशी लग्न करायचं मनात आलं तेव्हा मला भीती बाबांची नव्हती, त्या घशाची होती. सुजाता वर्ध्याला माझ्याबरोबर भाषाशास्त्र शिकत होती. घर पुलगावचं, बौद्ध. घरी सांगायची छाती होईना, मग मी शहाण्यासारखा कॉलेजच्या प्रकल्पासाठी त्या आवाजाचाच अभ्यास करायला घेतला. तेवढंच शौर्य जमण्यासारखं होतं.

"मोठीआई, तू जो आवाज काढते ना, त्याले काकल्य स्पर्श म्हणते."

"हे शिकवाचा तुह्या मास्तरले पगार भेटते?"

तिच्यापुढे फोन ठेवून मी ध्वनिमुद्रणाला बसलो. "तू म्हातारी झाली का? चहात मीठ टाकू का?" फोन दिसताच तिनं पदर सावरला आणि शाळेत तपासनीस आल्यासारखं प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं, "नाही जी." चाळीस मिनिटं. त्या प्रकल्पात मी काठावर पास झालो.

शेवटी सुजाताच म्हणाली, "मी येते." भर मे महिन्यात एसटीनं आली. माझ्या खिशात समतेवरचं चार पानी भाषण होतं. उभा राहिलो आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. बाबांच्या मात्र फुटले.

"वहिनी, हे आपल्यात नाई जमत. चहापाणी करून पोरीले परत पाठवून देतो."

मोठीआईनं सुजाताकडे पाहिलं. मग बाबांकडे.

"अं–अं."

"काऊन, वहिनी?" इतक्या वर्षांत बाबांनी पहिल्यांदाच कारण विचारलं.

"पोरगी एवढ्या उन्हाची आली. तुमचा पोरगा तं बोलूनबी नाई राह्यला. एक तरी बोलनारं मानूस घरात येऊ द्या, भाऊजी."

लग्न झालं. गेल्या उन्हाळ्यात मोठीआई गेली. मला तिची फार आठवण येते. आता घरात सगळेच मोकळेपणानं 'नाही' म्हणतात, आणि कोणी कोणाचं ऐकत नाही.