कागदावरचा पेशा

मुलीच्या कॉलेजच्या अर्जात मी तिला न सांगता हात घातला, हे आधीच सांगून टाकतो. ओळखीचे लोक म्हणतात, आता कसला राग धरून बसलायस, पोरगी अमेरिकेत शिकायला गेली ना. गेली. पण कशी गेली ते आठवलं की माझं डोकं आजही फिरतं. कोणावर फिरतं ते मात्र रोज वेगळं असतं. एके दिवशी त्या कॉलेजवर, एके दिवशी मेव्हण्यावर, आणि बायको समोर असली की गप्प बसून स्वतःवर.

आम्ही मूळचे रायगडच्या किनाऱ्यावरचे. रियाधमध्ये अल मलाझ भागात दोन खोल्यांत राहतो; मी, बायको आणि आमची एकुलती एक मुलगी. मी एका कंत्राटदाराच्या ऑफिसात इमारतींच्या वायरिंगचे नकाशे काढतो. मुलगी इथल्याच भारतीय शाळेत शिकली. आम्ही घरात मराठीत बोलायचं आणि तिने हिंदीत नाहीतर इंग्रजीत उत्तर द्यायचं, अशी आमच्या घरची रीत. बारावी झाली की इथल्या पोरांना बाहेर पाठवावं लागतं, हे सगळ्याच घरांना पहिल्यापासून ठाऊक असतं. तिला चित्रकला शिकायची होती.

बेत तिने स्वतः आखला होता. माझा मेव्हणा अमेरिकेत असतो. त्याच्या गावात एक कम्युनिटी कॉलेज आहे, स्वस्त. तिथे दोन वर्षं फाइन आर्ट्स करायचं आणि मग मोठ्या युनिव्हर्सिटीत थेट तिसऱ्या वर्षाला जायचं. त्यासाठी कॉलेजातला कोणता विषय युनिव्हर्सिटीत कशाच्या जागी धरतात, याचा तिने मोठा तक्ता केला होता. ड्रॉइंगचे दोन भाग, रंगसंगती, कलेचा इतिहास, माणूस समोर बसवून काढायचा वर्ग. प्रत्येक विषयाला वेगळा रंग. तो तक्ता फ्रिजच्या दारावर लावलेला असायचा आणि दूध काढायला गेलं तरी तो वाचावा लागायचा. व्हिसाच्या मुलाखतीला वेळ लागणार होता म्हणून पहिलं वर्ष घरूनच, ऑनलाइन करायची कॉलेजने परवानगी दिली होती.

आता मला कोणी चित्रकलेचा वैरी समजू नये. माझा चुलतभाऊ रियाधजवळच्या अल खर्जला गाईंच्या मोठ्या गोठ्यावर कामाला आहे. त्याच्याकडे गेलो की पोरगी पत्र्याच्या सावलीत बसून गाई काढायची. वरून पंख्यांचं पाणी उडतंय आणि गाई एकमेकींना ढकलून त्या पाण्याखाली घुसताहेत, असं एक चित्र तिने काढलं होतं. त्यातल्या एका गाईचा वैतागलेला चेहरा बघून चुलतभाऊ म्हणाला, ही आमची सतरा नंबर. त्याने ओळखली. मी ते चित्र ऑफिसात नेऊन सगळ्यांना दाखवलं. चित्रकलेला माझी ना नव्हतीच. मला भीती होती ती कागदाची.

ती भीती कुठून आली, तेही सांगतो. मी आयटीआयचा ड्राफ्ट्समन. पण मी आलो तेव्हा कफिलाकडे, म्हणजे ज्याच्या नावावर आम्ही इथे राहतो त्या मालकाकडे, फक्त हमालांचे व्हिसे शिल्लक होते. एजंट म्हणाला, कागदावर काही का असेना, काम तुझंच करशील. इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, पेशाच्या रकान्यात आलं आमिल. कामगार. पार उत्तरेकडे हफ्र अल बातिनच्या कॅम्पात मी सात वर्षं इंजिनिअरांच्या शेजारी बसून नकाशे काढले आणि कागदावर सात वर्षं हमाली केली. बायको-पोरीला आणायचा अर्ज घेऊन गेलो की खिडकीतला माणूस तो एक शब्द बघायचा आणि फाइल परत सरकवायचा. कामगाराला कुटुंब आणता येत नाही. चेहरा नाही, काम नाही, फक्त तो शब्द. पोरगी चालायला लागली, बोलायला लागली, शाळेत जायला लागली, ते सगळं मी फोनवर ऐकलं. शेवटी खेटे घालून घालून पेशा बदलून मिळाला, टेक्निशियन. त्यानंतर चार महिन्यांत दोघी इथे आल्या. त्या खिडकीतल्या माणसाचा मला अजून संताप आहे. तो समोर आला तर मी त्याला सोडणार नाही.

तर पोरीचा अर्ज भरून झाला होता, कॉलेजने घेतला होता, आणि मी शुक्रवारच्या जेवणाला गावकऱ्यांच्या खोलीवर गेलो. आमच्या गावचे पंधरा-वीस जण एका कॅम्पात राहतात. नमाजनंतर एकत्र जेवण होतं आणि जेवणाबरोबर गावातल्या प्रत्येक घराचा निकाल लागतो. मी मोठ्या अभिमानाने सांगितलं, मुलगी आर्ट शिकणार.

एसीचं काम करणारा आमचा एक गाववाला हाडूक चोखत म्हणाला, "आर्ट? मग इकाम्यावर काय लिवतील, आर्ट?"

सगळे हसले. त्यांना हसायचा हक्क होता. तिथे जेवण बनवणारा कागदावर मेंढपाळ आहे. दुकान सांभाळणारा कागदावर घरचा ड्रायव्हर आहे आणि त्याला गाडी चालवता येत नाही. एक वयस्क सुतार मात्र हसला नाही. तो म्हणाला, "पोरीच्या कागदावर धंद्याचं नाव पायजे रे. नायतर तुझ्यासारकीच खिडकीवर उभी ऱ्हाईल."

मी जेवण अर्धवट टाकून उठलो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी कॉलेजचं खातं उघडलं. खातं माझ्याच ईमेलवर होतं, कोड माझ्याच फोनवर येत होता. इथे घरातल्या सगळ्यांचे कागद बापाच्या फोनमध्ये असतात; बायकोचा इकामा, मुलीचा इकामा, देशाबाहेर जायची परवानगी, सगळं सरकारी ॲपमध्ये माझ्या नावाखाली. त्यामुळे आपण कोणाच्या खात्यात शिरतोय असं मला वाटलंच नाही. अभ्यासक्रमांच्या यादीत फाइन आर्ट्स होतं आणि चार ओळी खाली होतं ग्राफिक डिझाइन टेक्निशियन. टेक्निशियन. तो शब्द बघून मला केवढं बरं वाटलं, ते आज सांगायची लाज वाटते. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की हा अभ्यासक्रम थेट नोकरीसाठी आहे, युनिव्हर्सिटीत पुढे जाण्यासाठी नाही. हे मी वाचलं. वाचलं नाही असं मी म्हणणार नाही. पण मी आमिलचा टेक्निशियन झालेला माणूस. मला वाटलं, पुढचं पुढे बदलून घेता येईल. अर्ज करायचा, शिक्का आणायचा, कोणालातरी भेटायचं. टेक्निशियनवरून माणूस कुठेही जाऊ शकतो, असा माझा हिशेब. मी बदल केला. तुमचा अभ्यासक्रम बदलला आहे, असा ईमेल आला. तो पुसला.

वर्ष सुरू झालं. वर्गाची लिंक तिला वेगळी यायची, विषय नोंदवायचं काम खात्यातून मी करायचो, म्हणून तिला कळलं नाही. छपाईचं तंत्र, पानांची मांडणी, धंद्याचं गणित असले विषय ती निमूटपणे करत होती. दोनदा तिने विचारलं, "अब्बा, ड्रॉइंग कब है?" दोनदा मी म्हणालो, आधी हे विषय सगळ्यांनाच करावे लागतात, ड्रॉइंग पुढच्या सेमिस्टरला असेल. ती फ्रिजसमोर उभी राहून तक्ता बघायची, आणि मी पाणी न पिताच मागे फिरायचो.

वर्ष संपताना तिने त्या मोठ्या युनिव्हर्सिटीच्या सल्लागार बाईंशी व्हिडिओवर बोलायची वेळ घेतली. आमच्याकडे असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची नमाज झालेली, तिकडे सकाळ. मी शेजारी बसलो होतो. बाईंनी कॉलेजने पाठवलेल्या नोंदीतून तिचे विषय वाचले आणि फार गोड आवाजात सांगितलं की आठांपैकी दोनच धरता येतील, इंग्रजी आणि मानसशास्त्र. बाकी सहा नाहीत, कारण हा अभ्यासक्रम पुढे जाण्यासाठी नसतोच.

पोरगी म्हणाली, मी तर फाइन आर्ट्सला अर्ज केला होता.

बाई म्हणाल्या, हो, पण प्रवेशानंतर तुम्ही तो बदलला.

तिने तारीख विचारली. बाईंनी तारीख सांगितली. आणि मी काय केलं? मी त्या बाईंवर ओरडलो. असा कसा नियम, एक वर्ष मेहनत केली आहे पोरीने, सही करणारा तुमचा वरचा माणूस कोण आहे, त्याला बोलवा. त्या म्हणाल्या, असा कोणी नाही, सर. मी म्हणालो, कोणीतरी असतोच. पोरीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती फक्त तपासून बघत होती की तिला जे कळलं ते खरं आहे का.

"अब्बा, प्लीज, आप मत बोलो," ती म्हणाली, आणि बाईंना पुढचं विचारू लागली. पहिल्यापासून सुरू केलं तर किती वर्षं लागतील.

त्या संध्याकाळी मी मेव्हण्याला फोन लावून वाट्टेल ते बोललो. तू तिथे बसून काय करतोस, तुला नीट चौकशी करता येत नाही का, असं. पोरीने तिला सगळं सांगितलं होतं; बायको स्वयंपाकघरातून आली आणि तिने माझ्या हातातून फोन घेऊन बंद केला.

"माझ्या भावाला शिव्या देव नका. त्यानं काय केलं? बटन तुमी दाबलात."

"तिच्या भल्यासाठी दाबलं," मी म्हणालो. "तुला माहीत आहे सात वर्षं मी कशी काढली."

"तुमी काडलात. मी पन काडली. म्हनून पोरीचं एक वरीस घेतलात काय?"

मी आणखी तापलो. दार आपटून खाली गेलो आणि मलाझच्या दुकानांपुढून उगाच चालत राहिलो. खरी चीड याची होती की मला पटत होतं आणि तरी मी हरायला तयार नव्हतो. आजही पूर्ण तयार नाही. ज्या जगात माणूस काय करतो हे न बघता रकान्यातला शब्द बघतात, त्या जगाने मला हे शिकवलं. मग चूक एकट्या माझी कशी? असं मी स्वतःला विचारतो, आणि मग आठवतं की पोरीने काय काढलं होतं ते न बघता रकान्यातला शब्द मीच बघितला.

तिने रडारड केली नाही. स्वतःच्या नावाने नवा ईमेल केला, अमेरिकेतल्या मामूच्या नंबरवर खातं उघडलं, आणि पुन्हा फाइन आर्ट्सचा अर्ज भरला, पहिल्या वर्षाला. व्हिसाही मिळाला. मला सगळं बायकोकडून कळायचं. आता तिचं माझ्याकडे एकच काम उरलं होतं. इथून बाहेर पडायची परवानगी बापाच्याच ॲपमधून निघते.

मी फोन घेऊन तिच्याजवळ बसलो. म्हटलं, जाऊन परत यायची परवानगी काढतो, मुदत वाढवत राहू, तुझा इकामा जिवंत राहील.

ती बॅग भरत होती. म्हणाली, "नहीं अब्बा. खुरूज लगा दो."

खुरूज म्हणजे कायमचं जाणं. इकामा रद्द. परत यायचं तर पाहुण्यासारखं.

मी तिला समजावलं. म्हटलं, बाळा, हा कागद मिळवायला मला किती वर्षं लागली, तो असा टाकू नकोस, उद्या काही अडलं तर. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मालूम है. लेकिन मेरे पेपर्स अब मैं देखूँगी."

बोलतानाही ती कपड्यांच्या घड्या करत होती. मी बटण दाबलं. कोड माझ्या फोनवर आला, तो मीच भरला. ती गेल्यावर काही दिवसांनी ॲपमधून तिचं नाव निघून गेलं. आता माझ्या नावाखाली बायको एकटीच दिसते.

तिचं पहिलं सेमिस्टर सुरू झालं आहे. दर शुक्रवारी फोन करते, आईशी अर्धा तास बोलते, मग माझ्याशी. ड्रॉइंगचा वर्ग आहे का, कोणते विषय घेतले, असं मी दर वेळी विचारतो. ती दर वेळी म्हणते, "सब ठीक चल रहा है, अब्बा," आणि विषयांची नावं सांगत नाही.