निळी गाडी

लेकीकडे अमेरिकेत होते तेव्हा तिथल्या गावातल्या डायनरमध्ये, म्हणजे छोट्याशा खाणावळीत, मी रोज सकाळी कॉफीला जायची. खिडकीतून एका म्हाताऱ्याची निळी गाडी दिसली, की स्वयंपाकी न विचारताच तव्यावर दोन अंडी फोडायचा. आपण पोचायच्या आधीच कुणीतरी आपल्यासाठी तवा तापवावा, म्हातारपणी आणखी काय हवं असतं!

एके दिवशी गाडी आली, अंडी फोडली गेली, आणि आत म्हाताऱ्याचा मुलगा एकटाच आला.

"बाबा काल गेले," तो म्हणाला.

अंडी करपायला लागली तेव्हा कुठे स्वयंपाक्याने ती बशीत काढली आणि मुलापुढे ठेवली. मुलाने बशी जवळ ओढून विचारलं,

"बाबा यावर काय घालायचे?"

मिरपूड. हे मलासुद्धा ठाऊक होतं.