जांभळी शाल, पिवळी शाल आणि सावित्रीअक्काचा सांकव

आमच्या ग्रामपंचायतीची मीटिंग तासाभराची, पण तिचे किस्से सांगायला आठवडा पुरत नाही! परवा जोयड्याच्या बसमध्ये मैत्रिणींना सांगत बसले आणि आमचा स्टॉप मागे गेला. तेव्हाच म्हटलं, एकदाचे लिहूनच टाकावेत.

आम्ही अकरा मेंबर. पंचायतीच्या निवडणुकीत पार्टीचं चिन्ह नसतं म्हणे. चिन्ह नसलं तरी खांद्यावर शाल असते ना! पाच जण जांभळ्या शालीचे, त्यांचे पुढारी नागेशअण्णा. पाच पिवळ्या शालीचे, पुढारी तुकाराममामा. मी पिवळ्यांत. अकरावी सावित्रीअक्का, अपक्ष. तिची वाडी ओहोळापलीकडे.

गेल्या पावसात तिच्या सुनेला कळा लागल्या तेव्हा ओहोळ दुथडी भरलेला. चौघांनी तिला खुर्चीत बसवून पाण्यातून पार नेलं. अक्का हे सांगते तेव्हा आजही माझ्या अंगावर काटा येतो. तिला एकच हवं होतं. सांकव, म्हणजे चालत ओलांडता येईल असा छोटासा पूल. दोन्ही शालींनी तिला शब्द दिला होता. दर निवडणुकीला देतात!

*

तुकाराममामा आधी जांभळे होते, मग पिवळे झाले, मग पुन्हा जांभळे आणि आता पिवळे. मामींनी कंटाळून दोन्ही शाली एकाच खुंटीला अडकवल्या.

एकदा रामनगरच्या सभेला मामा घाईत निघाले आणि जांभळी शाल घालून थेट पिवळ्यांच्या स्टेजवर! सगळे हबकले. मामांनी खाली पाहिलं, शाल पाहिली आणि माइक ओढला.

"ही सगळ्यांसमोर काढायलाच घालून आलोय!" म्हणाले, आणि दिली भिरकावून. टाळ्या थांबेचनात.

*

मग तिकडे राजधानीत, बेंगळुरात, दोन्ही पार्ट्यांची युती झाली. वरून फोन आला, एकत्र प्रचार करा. नागेशअण्णा आणि मामा एकमेकांचं तोंड पाहत नव्हते, ते एका जीपमध्ये बसले. मीही मागे होते.

कुळगीच्या जंगलात पोचतोय तोवर अण्णांचा फोन वाजला. युती तुटली! अण्णांनी तिथंच जीप थांबवली. "ह्या माणसासंगं एक पाऊल न्हाई!" म्हणत खाली उतरले आणि तरातरा चालू लागले.

वळणावर अस्वल उभं!

अण्णा गेले त्याच्या दुप्पट वेगानं परत आले आणि मामांना जवळजवळ मांडीवर घेऊनच बसले. दम खात म्हणाले, "युती हाय! पन फकस्त कुळगीच्या नाक्यापातूर!"

*

मग अध्यक्ष निवडायची वेळ आली. पद खुलं, त्यामुळे दोन्ही पुढारी गुडघ्याला बाशिंग बांधून तयार. मेंबर फुटू नयेत म्हणून मामांनी आम्हाला शपथ घ्यायला ग्रामदेवाकडे नेलं. तिथं गाऱ्हाणं घालायचा मान म्हाताऱ्या गावकरांचा. मामा त्यांच्या कानात कुजबुजले, "पिवळ्यालाच मत, असं म्हना."

गावकर उखडले. "देवाम्होरं पार्टीचं नाव? आपल्यात चाल न्हाई!" आणि नारळ उचलून त्यांनी गाऱ्हाणं घातलं, "बा म्हाराजा, जो गावाचं काम करील त्यालाच ही लेकरं मत देतील!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही खच्चून ओरडलो. मामांनाही ओरडावं लागलं, करतात काय!

दुसऱ्या दिवशी अण्णांनी त्यांचे मेंबर नेले. गावकर तेच, गाऱ्हाणंही तेच. आम्ही सगळेच एका शपथेत बांधले गेलो.

*

शपथेवर कुणाचा भरवसा? मग दोघांनी मेंबर लपवायचं ठरवलं. मोठे पुढारी आमदारांना लांबच्या रिसॉर्टवर नेतात. आमच्या पुढाऱ्यांनी गणेशगुडीचा होमस्टे गाठला. दोघांनीही तोच! मालकानं पिवळ्यांना पुढच्या खोल्या दिल्या, जांभळ्यांना मागच्या. सावित्रीअक्काला दोघांचं आमंत्रण होतं, तिनं दोन्ही घेतली. सकाळचा चहा पुढे, दुपारचा मागे.

जेवायची वेळ झाली तरी चूल थंड. अण्णा कडाडले, "आचारी कुठं हाय?"

मालक हात जोडून म्हणाला, "त्यो शेजारच्या पंचायतीचा मेंबर हाय अण्णा. त्याला त्येच्या पार्टीनं गोव्याला लपवलंय!"

पुरुष पुढे-मागे पत्ते कुटत बसले आणि आम्ही सहा बायका एका स्वयंपाकघरात शिरलो. अकरांत सहा बायका, हे दोन्ही पुढाऱ्यांनी कधी धरलंच नव्हतं! भात शिजेपर्यंत आमचं सगळं ठरलं. वाढताना मला इतका आनंद झाला होता की मामांना मी दोनदा आमटी वाढली.

*

निवडीच्या दिवशी सावित्रीअक्कानं अर्ज भरला. मामांना वाटलं ही अण्णांची खेळी, अण्णांना वाटलं मामांची. समोरच्याचीच मतं फुटणार म्हणून दोघेही मिशीत हसले. गुप्त मतदान झालं. अण्णांना तीन, मामांना दोन, अक्काला सहा!

मग बाहेर दोन्हीकडून फटाके फुटले. "आमचाच अध्यक्ष!" म्हणत अण्णा जांभळी शाल घेऊन धावले आणि मामा पिवळी. अक्कानं दोन्ही शाली घेतल्या, घडी घालून टेबलावर ठेवल्या आणि म्हणाली, "चला दोघंबी. जागा दावते."

सगळी पंचायत ओहोळावर गेली. श्रावणातलं पाणी, मांडीच्या वर. अक्का सवयीनं सरसर पार झाली. मागून इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांतले आमचे दोन पुढारी उतरले. मध्यावर अण्णांचा पाय सटकला, त्यांनी मामांचा दंड धरला. मामा डगमगले, त्यांनी अण्णांची कंबर धरली.

"सोडू नगंस रे तुका!"

"न्हाई सोडत! तू वढू नगंस!"

काठावर आम्ही बाकीच्या पाचजणी पोट धरून हसत होतो आणि माझ्या डोळ्यांना पाणी आलं होतं. पलीकडच्या काठावरून अक्कानं शांतपणे विचारलं, "सांकव हितंच घालूया, का जरा वर बगायचं?"

दोघेही एका आवाजात ओरडले, "हितंच!"